सगळ्यांत वाईट म्हणजे नववा

११ जानेवारी

ती. मामास,

भिंगरीचा सा. न. वि. वि.

निकाल लागला! करड्या कोटातल्या हेराचे बाराही सिनेमे तोंडपाठ असलेल्या आमच्या वेड्यांच्या मंडळाने अखेर सर्वांत वाईट सिनेमा निवडला. पत्र आईच वाचून दाखवणार, तेव्हा तिच्या कपाळावरच्या आठ्या मला इथूनच दिसताहेत.

चौथ्याला बरीच मतं पडली. त्यातला नवा नट सर्दी झाल्यासारखा बोलतो, हे सगळ्यांचं म्हणणं. सहाव्यात अंतराळयानाला बांधलेली तार दिसते, म्हणून तोही पुष्कळ घसरला. पण पहिला, म्हणजे शेवटचा, आला तो पाण्याखालचा नववा. आमचे अध्यक्ष शाळेत भूगोल शिकवतात. ते म्हणाले, या सिनेमात खलनायकापेक्षा कासवाला जास्त काम आहे. सभा बराच वेळ हसत होती.

आता खरी बातमी. पुढच्या महिन्यात आमच्या इस्पितळासमोरचं जुनं थिएटर हे पडेल सिनेमे दुपारच्या खेळाला दाखवणार आहे. तू यायचंसच. आणि येतोच आहेस तर, मी जिथे औषधं देते तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनाही भेटायचंस. गेल्या खेपेला तुला तपासलं तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकलाय, आधी एकाचं करू. त्या तुझी वाट पाहताहेत, मी तर पाहतेच आहे.

चौथ्याला शिव्या घातल्या तरी माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी भिंगरी

१९ जानेवारी

चि. भिंगरीस,

मामाचे अ. आ.

अक्षर ताईचं, मतं माझी. ती लिहायला तयार नव्हती. हेरगिरीपेक्षा गळका नळ महत्त्वाचा, असं तिचं म्हणणं आहे.

चौथ्याला नावं ठेवणाऱ्यांची मला कीव येते. आधीच्या नटाला गोळ्यांच्या पावसातही घाम फुटत नसे. याला फुटतो. ज्याला घाम फुटतो आणि तरी जो खिडकीतून उडी मारतो, तो मला पटतो. सहाव्याची तार दिसते, कबूल. पण तिच्यामागचं आकाश बघा की! त्या पडद्यावर कुणीतरी एकेक चांदणी हाताने टिपली आहे. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्यात मी. असं काम करायला काय लागतं ते मला ठाऊक आहे. तुमच्या अध्यक्षांना म्हणावं, एक चांदणी काढून दाखवा.

नवव्याच्या बाबतीत मात्र मंडळापुढे हात जोडतो. तरुणपणी तो हुकला होता. अगदी अलीकडे तू मला त्याच थिएटरात दाखवलास तेव्हा वाटलं, हुकला होता तेच बरं होतं. समुद्र कसला तो! उकळून उकळून काळपटलेल्या चहात माणसं पोहताहेत आणि आपण तासभर बघत बसायचं.

डोळ्यांचं म्हणशील तर नको. तुझ्या आजोबांचा डोळा कापला तेव्हा मी परगावी काम शिकत होतो. परत आलो तर बाबा भिंत चाचपत दार उघडायला आले. दुसरा डोळा आधीच गेलेला होता. आजही कुणी शस्त्रक्रिया म्हटलं की मला ती भिंतीवर फिरणारी बोटं दिसतात. दिसतंय तेवढं पुरे आहे मला.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र लिहायची थांबू नकोस.

तुझा मामा

२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आईचे आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या मामाला न सांगता लिहिते आहे. परवा दातांच्या डॉक्टरांकडून पाटी परत आली. त्यांनी पांढऱ्यावर काळी अक्षरं सांगितली होती. ह्याने पांढरा समजून चक्क फिकट निळा दिला होता. डॉक्टर भला माणूस, घाई नाही म्हणाला. मामा पाटी घेऊन खिडकीशी गेला, इकडून तिकडून बघितली, मग मला विचारलं की हा रंग कुठला. खोटं बोलावं असं फार वाटलं, पण मी निळा म्हणाले. त्याने सगळे ब्रश धुतले, कापडात गुंडाळले आणि कुणाला तरी देऊन टाक म्हणून माझ्या हातात ठेवले.

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. बाबांची गोष्ट त्याला शेवटाकडूनच माहीत आहे. आधीचं त्याने कधी सांगूच दिलं नाही. पट्टी निघाल्यावर, डोळा पिकून पू होण्याआधी, बाबांना काही दिवस लख्ख दिसत होतं. ते घरभर हिंडून वस्तू बघायचे. मला जवळ बोलावून माझ्या फ्रॉकवरच्या एकेका जांभळ्या फुलाला बोट लावायचे. पुढे सगळा अंधार झाल्यावरही त्या फुलांबद्दल बोलताना त्यांचा चेहरा उजळायचा. डोळा कापून घेतला याचा पस्तावा त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही. हे सगळं मी त्याला सांगितलं.

मग त्याने विचारलं, सकाळची गाडी कितीची असते.

मी धीराची आहे असं समजू नकोस. त्याला सांभाळ, आणि काय होईल ते मला खरं कळव.

तुझी आई

२१ फेब्रुवारी

ती. ताईस,

धाकट्याचा सा. न. वि. वि.

भिंगरीने सगळं ठीक म्हणून कळवलं असेल, पण तुझा विश्वास बसणार नाही. म्हणून हे मी माझ्या हाताने लिहितो आहे.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा समोर डॉक्टरीणबाईंचा कोट होता. पांढरा! ताई, पांढरा असा असतो हे मी विसरूनच गेलो होतो. मी त्या कोटाकडे बघतच राहिलो. बाईंनी दोनदा विचारलं, काही दिसतंय का. भिंगरी रडायला लागली, तिला वाटलं, काहीच दिसत नाही.

काल बाईंच्या परवानगीने नववा पाहिला. थिएटर भरलं होतं. सगळी मंडळी टर उडवायलाच आलेली. मागच्या एकाने शिट्टी आणली होती. सुरुवातीला सगळे खलनायकाच्या मिशीला हसत होते, मीही हसलो. मग हेराने कोटासकट समुद्रात उडी घेतली.

कसं सांगू? मला निळा एक रंग वाटायचा, दोन-तीन डब्यांत मावणारा. इथे वर आकाशी, खाली मोरपंखी, त्याखाली शाईसारखा, आणि त्याच्याही खाली असा एक निळा, की ज्याचा डबा कुठल्याच दुकानात मिळायचा नाही. मी उजवा डोळा झाकला, तर तोच काळपट चहा. डावा झाकला, की समुद्र! दोन्ही एकाच वेळी समोर होते, एकाच पडद्यावर. मी भिंगरीचा हात घट्ट धरला.

मग ते कासव आलं. पार आपल्या डोक्यावरून गेलं, उन्हाच्या तिरिपी कापत, कसलीही घाई नसल्यासारखं. शिट्टीवाल्याची शिट्टी हातातच राहिली. शेजारी अध्यक्षमहाशय तोंड उघडं टाकून बसले होते. भिंगरी सोडली तर या सगळ्यांनी तो घरच्या लहान पडद्यावरच पाहिला होता, असं नंतर कळलं. धडधाकट डोळ्यांची माणसं, पण काल माझ्यासारखीच पहिल्यांदा बघत होती.

सिनेमा वाईटच आहे, त्याबद्दल माझं मत तेच. गोष्टीला शेंडाबुडखा नाही आणि खलनायक निव्वळ मूर्खपणाने बुडतो. पण कुणीतरी कॅमेऱ्याचं एवढं ओझं घेऊन त्या पाण्यात उतरलं, ऊन बरोबर यायची वाट बघत थांबलं, आणि ते टिपून वर घेऊन आलं. दिवे लागल्यावर कुणी लगेच उठलं नाही. मग अध्यक्षच हळू आवाजात म्हणाले, रविवारी हाच पुन्हा लावायला सांगू या. एकाही माणसाने नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या डोळ्याची तारीख बाई पुढल्या महिन्यात देणार आहेत. मीच मागितली.

तू यातला एकही सिनेमा कधी पाहिला नाहीस. रविवारी ये. आपण मधोमध बसू. मी तुझ्या शेजारी बसेन आणि समुद्र आला की एक अक्षर बोलणार नाही.

येतेस ना? तोवर, आहे तो लोभ जपून ठेव.

तुझा धाकटा