बासष्ट पाकिटं

वाशी,
रविवार, २२ जून १९८६

प्रिय सगुणा,

हे पत्र तुझं आहे, पण नवऱ्यांनी सह्या केल्या आणि हप्ते ज्यांच्या अंगावर आले, त्या सगळ्या बायकांनी ते ऐकावं असं मला वाटतं. आपली तक्रार जुनी आहे. कर्ज काढताना आपल्याला कोणी विचारत नाही, फेडायची वेळ येते तेव्हा घरात आपल्याशिवाय कोणी उरत नाही, आणि फिटल्यावर पावतीवर नाव दुसऱ्याचंच असतं. माझ्या वडिलांनी गिरगावात भागीदारीत छापखाना काढला आणि बुडवला. ते देणं माझ्या आईनं अकरा वर्षं ब्लाउज शिवून फेडलं. शेवटचा हप्ता भरून आली त्या दिवशी मी पावती बघितली होती. तिच्यावर वडिलांचं नाव होतं, आणि पावती हातात धरणाऱ्या बाईची पाठ कायमची वाकलेली होती. माझी सगळी भाषणं त्या पाठीतून निघाली आहेत.

तू म्हणशील, बायनं पत्रातही भाषण सुरू केलं. पाच वर्षं तुझ्याशी धड बोलले नाही, त्यामुळे थोडं साठलं आहे. पंढरी हे पत्र आणून देईल आणि सुचित्रा तुला वाचून दाखवील. सुचित्रा, मध्ये थांबू नकोस. आई ‘पुरे’ म्हणाली तरी वाच.

एक्याऐंशी सालच्या मार्चमधली आपल्या कारखान्याची ती गेट मीटिंग तुला आठवत असेल. तुझ्या नवऱ्यानं, गोटीरामनं टेम्पोसाठी आपल्या कामगार पतपेढीतून सहा हजार कर्जाऊ काढले होते, आणि टेम्पोसकट तो गुजरातकडे निघून गेला होता. दोन जामीनदारांपैकी एक नोकरी सोडून गावी गेलेला. राहिला तुमच्या दिघ्याचा पंढरी. त्याच्या पगारातून महिन्याला एकशेवीस रुपये कापायचं ठरलं. आणि मी स्टुलावर चढून काय बोलले? नवऱ्याच्या कर्जाला बायको बांधील नाही. सगुणाच्या हातातला एक पैसाही पतपेढीत जाऊ देणार नाही. आणि कामगारांनो, यापुढे कोणी कोणाला जामीन राहू नका. तुला न विचारता मी चारशे माणसांसमोर तुझं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. तू कॅन्टीनच्या दारात उभी होतीस, कोपरापर्यंत पीठ लागलेलं. मी खाली उतरले तेव्हा तू जवळ येऊन म्हणालीस, “बाय, टाल्या तुला मिलाल्या. पगार पंढरीचा कापला.”

मला राग आला होता. हिच्यासाठी घसा फोडला आणि ही मलाच सुनावते, असं वाटलं. कायद्यानं मी बरोबर होते, आजही आहे. पण पंढरीच्या घरी पाच खाणारी तोंडं आहेत हे तुला माहीत होतं. मी त्याला फक्त ‘जामीनदार’ म्हणून ओळखत होते.

त्यानंतर मी तुला लांबूनच पाहत राहिले. कॅन्टीनमध्ये एका पाळीला चारशे चपात्या लाटायचीस. रविवारी सुकट, जवळा, बोंबलांची पाटी घेऊन वाशीच्या सोसायट्यांमधून फिरायचीस. आमच्या जिन्यातल्या बायका नाकाला पदर लावून भाव पाडायच्या आणि तू हसून म्हणायचीस, “वास फुकट हाय, सुकटीचं पैसं द्या.” एकदा मी तुला आठ आणे जास्त दिले. तू ते उंबऱ्यावर ठेवलेस आणि म्हणालीस, “सुकटीचं घेतलं. भाशनाचं नको.” मी दार लावून घेतलं आणि बराच वेळ स्वतःशीच हसत बसले.

घराची पुढची मोठी खोली तू साताऱ्याकडच्या चार कामगारांना भाड्यानं दिल्याचंही कानावर आलं. स्वतः मायलेकी मागच्या चुलीच्या खोलीत. मला वाटलं, दिघ्यात आता सगळेच घरमालक होतायत, त्यातली तूही एक. हिला पैशाची गोडी लागली, असं मी एकदा कोणाला तरी बोललेसुद्धा. सुचित्रा, हे वाक्यही मोठ्यानं वाच. तू लहानपणी रडायचीस ना, की आपल्याच घरात आपण धुरात का निजायचं, तुझ्या मैत्रिणींना बसायला जागा का नाही? आईनं तुला काय उत्तर दिलं मला माहीत नाही. खरं उत्तर मला गेल्या सोमवारी कळलं. तेच तुला सांगते आहे.

सोमवारी पंढरी टाइम ऑफिसात माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. बस म्हटलं तर बसेना. म्हणाला, “म्याडम, त्यो पैसा माजा नव्हता.” कुठला पैसा, मी विचारलं. “गोटीरामच्या कर्जाचा. माज्या पगारातशी कापला, ह्ये खरं. पन पगाराच्या सांजला सगुनावैनी गेटवर उबी ऱ्हायची. एकशेवीस मोजून, पाकिटान घालून द्यायची. बासट महिने.” एकदाही चुकली नाही? “एका गनपतीला पोरीला टायफाइड झालेला. तवा नथ दिली, म्हनली, पंदरा दिस दम काड. माज्या बायकूनं ती डब्यान ठेवली, घातली नाय. सतराव्या दिवशी वैनी पैसं घेऊन आली.”

मी विचारलं, मग तिनं सरळ पतपेढीच्या खिडकीवर का नाही भरले? पावती मिळाली असती, खात्यावर तिचं नाव लागलं असतं. पंढरी हसला. “वैनी म्हनली, खिडकीवर गेली तं वैजूबायला कललं. ती त्याच्यावं बी भाशन करंल.”

सगुणा, मी पुष्कळ पुस्तकं वाचली. गेटवर उभं राहून मालकांना, पुढाऱ्यांना, कोणाला सोडलं नाही. पण त्या एका वाक्यानं मला जसं गप्प केलं तसं आजवर कोणी केलं नव्हतं. ज्या बाईच्या बाजूनं मी बोलत होते, ती खरं वागण्यासाठी मलाच चुकवून जात होती. आणि मी तुला भित्री समजत होते. नवऱ्याच्या नावाला भिणारी बायको समजत होते. तू नवऱ्यासाठी एक पैसाही भरला नाहीस हे मला आता समजतं. पंढरीच्या मुलांच्या ताटातलं जे कमी झालं असतं, ते तू भरलंस. कायद्यानं तुला मोकळं केलं होतं, तरी तू शेजाऱ्याला अडकू दिलं नाहीस. माझ्या आईसमोर दुसरा रस्ता नव्हता. तुझ्यासमोर होता, मीच तो ओरडून दाखवला होता, आणि तू शांतपणे तुझ्या वाटेनं गेलीस. अशी माणसं मी पुस्तकात शोधत होते आणि तू रोज दुपारी माझ्या ताटात चपाती वाढत होतीस.

आता जे लिहिणं टाळत होते ते लिहिते. सुचित्रा दहावी झाली. परिचारिकेच्या शिक्षणासाठी तीन हजार हवेत, म्हणून मे महिन्यात तू पतपेढीत अर्ज केलास. तो फेटाळला गेला. ज्या घरचं कर्ज जामीनदाराकडून वसूल करावं लागलं, त्या घराला पुन्हा कर्ज नाही, असा आपला नियम. वहीत तर पंढरीनंच फेडलेलं दिसत होतं. अर्जावर लाल शाईत ‘नामंजूर’ लिहिलेलं तू पाहिलं असशील. पतपेढीची चिटणीस मी आहे. ते अक्षर माझं आहे. लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही, आणि त्याची मला फार लाज वाटते. तू खिडकीवर अर्ज बघितलास, तसाच आत सरकवलास आणि निघून गेलीस. एक शब्द बोलली असतीस तर खरं बाहेर आलं असतं. पण पंढरीनं तुझे पैसे घेतले हे चारचौघांत यावं, हेही तुला नको होतं.

काल समितीची सभा झाली. पंढरीनं उभं राहून सगळं सांगितलं आणि लिहून दिलं. माझा शेरा खोडला गेला, मीच खोडला. पण जामीनदार दोन लागतात, आणि तू ती जागा कोरी ठेवली होतीस, कारण तू कोणाकडे मागायला जाणार नाहीस. म्हणून न मागता सह्या झाल्या आहेत. पहिली माझी. जामीन राहू नका असं पाच वर्षं गेटवर सांगणाऱ्या बाईची. सभेत लोक हसले, मीही हसले. दुसरी सही करायला ज्यानं पेन मागून घेतलं, त्यानं ते हाती येताच आधी मला विचारलं, “वैनी नाय म्हनायची नाय ना?” तो पंढरी होता. बासष्ट महिने ज्याचा पगार कापला गेला, तोच माणूस तुझ्यासाठी पुन्हा सही करतो, यापेक्षा मोठा दाखला कुठली पतपेढी देणार?

नर्सिंगचे पैसे तीस तारखेच्या आत भरायचे आहेत. तिसरी सही तुझी हवी. बुधवारी पाळी सुटल्यावर, चारच्या आत, सुचित्राला घेऊन पतपेढीच्या खिडकीवर ये आणि कर्जाच्या कागदावर सही कर. यापुढे हप्ता कोणाच्या हातात देऊ नकोस. खिडकीवर भर आणि तुझ्या नावाची पावती घे. मी तिथे असेन, आणि एक शब्दही बोलणार नाही.

तुझीच,
वैजयंती