वरच्या फळीवरची छोटी पेटी

३ मार्च
आज शवपेटीला चाकं बसवली! पूर्वी सहा कड्या, उचलायला सहा माणसं. आजच्या नव्वदीच्या म्हाताऱ्याला एकच मुलगी — तीही सत्तरीला टेकलेली, गुडघे बदललेली. उचलणार कोण? यापुढे चाकंच चालणार. डझनभर मागवली.

४ मार्च
चाकं ठेवायला जागा हवी. वरच्या फळीवरची छोटी पेटी मोडतो म्हणालो, तर बाबांनी साफ नाही सांगितलं. बाबा अठ्ठ्याऐंशी, मी एकसष्ट — आणि गिऱ्हाइकांना अजून सांगतात, "पोरगा देईल काढून." माझा मुलगा कंटाळून बँकेत गेला. त्याचं बरोबरच आहे. त्याची पाळी येईपर्यंत त्याला कवळी लागली असती.

७ मार्च
आजोबा लहान मुलांच्या पेट्या आधीच डझनाने करून ठेवत. आता वर्षानुवर्षं एकही मागणी नाही. कारणं बाबांना तोंडपाठ: नळ आला, गटारं झाकली, सुईण हात धुवायला लागली, लस आली. "धंदा बसला," म्हणतात आणि हसतात. धंदा बसला म्हणून हसणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

१० मार्च
बाबा डोळे तपासायला गेले तेवढ्यात पेटी खाली काढली. आतल्या जुन्या पटाश्या उपसल्या. हातोडी उचलली — आणि थांबलो. छोट्या पेट्या उरल्यासुरल्या फळकुटांच्या करायची आमच्याकडे रीत. ही अस्सल सागवानी. एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचांत बसवलेले. आतूनसुद्धा रंधा मारलेला! आतून कोण बघतं? विकायच्या मालावर एवढी मेहनत बाबा करणार नाहीत. गुपचूप परत वर ठेवली.

११ मार्च
शेवटी विचारलंच. बाबा पटाशीला धार लावत होते. मान वर केली नाही.
"तू तीन वर्षांचा होतास. घटसर्प. डॉक्टरांनी हात टेकले. तू झोपलेला असताना माप घेतलं तुझं. दुसऱ्या कुणी केलेली मला चालली नसती."
मग? बाबा पेटीवर शेवटचा हात फिरवत होते, तेव्हा नर्सबाई कुठूनतरी इंजेक्शन मिळवून आली म्हणे.
एवढंच सांगितलं आणि चहा मागितला. मी चहा टाकला.

१२ मार्च
चाकं घरी नेऊन पलंगाखाली ठेवली. बायको वैतागली.
दुपारी गिऱ्हाईक आलं. बाबा म्हणाले, "पोरगा देईल काढून."
म्हणू देत. अजून वीस वर्षं म्हणू देत.