भरभर म्हणायची कविता

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. घर सोडायचंच आहे, तर माझ्याकडे राहायला ये. बाबांच्या गाडीतून रविवारी न्यायला येतो म्हणालो, त्यावर तुझा मुलगा हसला म्हणे. ज्याला एक गाडी सांभाळता येत नाही तो मामा आईला काय सांभाळणार, हेच ना? रविवारी गाडी आली नाही, तर तो तुला स्वतःकडे नेणार, हेही कळलं.

पण इंजिन रुसलंय गं. टायमिंग खुणेवर आणलं, ठिणगी अगदी वेळेवर पडते. कार्ब्युरेटर खोलून धुतला. रस्त्यावर झकास पळते, पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की दोन आचके देऊन बंद! आयडलिंग, म्हणजे उभ्या इंजिनाची चाल, बाबांच्या रीतीनेच लावली: इंजिनातल्या टॅपेटच्या एकेका टकटकीला मी लहानपणी म्हणायचो त्या घोड्याच्या कवितेतलं एकेक अक्षर, जुळेपर्यंत स्क्रू पिळायचा. म्हणताना डोळे भरून आले. सगळं जुळलं, तरी बंद पडते.

तुझ्या मायेवर अजून हक्क सांगणारा,
भाऊ

ता. ६ फेब्रुवारी

चि. कविराजास अनेक आशीर्वाद.

डोळे भरून आले, तिथेच गाडी बिघडली. अरे, बाबा स्क्रू पिळायचे तेव्हा तुला खेळायला पळायची घाई असायची. कविता एका दमात, घोडा उधळल्यासारखी म्हणायचास. आता प्रत्येक शब्दापाशी खुर्ची टाकून बसतोस. मागच्या भेटीत म्हणून दाखवलीस, तर माझा चहा निवला. त्या चालीवर इंजिन लावलंस तर ते झोपणार नाही तर काय करणार? भरभर म्हण. दम लागला तर स्टूल घे.

मुलाला रविवारपर्यंत थांबवलंय, त्यापुढे नाही.

टोमण्यांवरून माया मोजू नये.
ताई

ता. १० फेब्रुवारी

चि. भाच्यास अ. उ. आ.

आई सुखरूप पोचली. कविता भरभर म्हटली, चौथ्या ओळीला धाप लागली, पण आयडलिंग लागलं. रेल्वे फाटकापाशी कितीतरी वेळ उभे होतो, इंजिन हूं की चूं न करता चालू. मी मात्र पलीकडचे बगळे बघत बसलो. फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवून थकले, मला पत्ता नाही. तेव्हा ताईने मला बाजूला सरकवलं आणि उरलेला रस्ता स्वतः चालवला. उतरली तेव्हा गाल लाल झाले होते.

मामा आईला सांभाळणार नाही, हे तुझं खरं निघालं. सकाळीच तिने माझं कपाट उपसलं, खुर्ची हलवली, वर मलाच ओरडली. ताई आता इथून हलत नाही. उरलेलं सामान पाठवून दे.

राग नसावा, येणं-जाणं असावं.
मामा

ता. क. तिचा लांबचा चष्मा सगळ्यात आधी पाठव. तो तिकडेच राहिलाय, हे ती मला आज सांगते आहे.