एकदाच विचारलेली बरोबरी

पुणे, सोमवार

तीर्थरूप दिगंबरमामांना सुनीतीचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे तो हल्ली पत्रातच जमतो). वाईची हवा तुमच्या दम्याला मानवते आहे ना? मामींची आठवण रोज निघते.

इथे महिलांची आंतरराष्ट्रीय सांघिक बुद्धिबळ स्पर्धा भरली आहे, हे वाचलं असेलच. एक संघ आयत्या वेळी आला नाही, म्हणून यजमानांनी आपला दुसरा संघ उभा केला आणि चौथ्या पटावर मला बसवलं. त्रेचाळिसाव्या वर्षी अंगावर देशाचा बिल्ला लागला (पदराला टोचताना साडी फाटली, ते सोडा). काल समोर हंगेरी. बाकीचे तीन डाव संपून दीड-दीड झालेलं. माझी बरोबरी झाली असती, तर आमच्या भरतीच्या संघानं हंगेरीला अडवलं असतं. दोघींकडे एकेक हत्ती, तीन-तीन प्यादी. माझ्या नीरजाच्या वयाची ती पोरगी खेळी करून हसली आणि म्हणाली, "ड्रॉ?"

आणि मामा, मी "नो, नो" म्हणत हात हलवला. तुमच्याच घरचं वळण. कुणी काही पुढे केलं की आधी नको म्हणायचं, दुसऱ्यांदा मान तिरकी करायची, तिसऱ्यांदा घ्यायचं. मी पदर सावरून आग्रहाची वाट पाहत बसले. हंगेरीत आग्रह करत नाहीत. (आपल्या सदाशिव पेठेतही फारसा करत नाहीत, तेव्हा मला सवय असायला हवी होती.) तिनं माझं एक प्यादं खाल्लं, मग दुसरं. मध्ये मी तिच्याकडे बघून हसलेही. तिला वाटलं असणार, बाईंना काहीतरी खोल दिसतंय. शेवटी हार मानून राजा आडवा ठेवला.

आमचा कप्तान गोपाळकृष्ण, तुमचाच शिष्य, एवढंच म्हणाला, "सुनीतीताई, ती श्रीखंड वाढत नव्हती." शेवटच्या फेरीत माझ्या जागी राखीव मुलगी बसणार म्हणे. मला काही वाईट वाटलेलं नाही. घरी कामं थोडी का पडली आहेत.

तुमची भाची,
सुनीती

ता. क. शेवटची फेरी रविवारी आहे. गोपाळकृष्ण फक्त तुमचं ऐकतो. मला बसवायला सांगाल? भिडस्तपणामुळे घोटाळा झाला, पुन्हा होणार नाही, असं लिहा.

आणखी एक. तसं लिहाच, पण तुम्हांला खरं सांगते. तिनं विचारलं तेव्हा वळण-बिळण काही आठवलं नव्हतं. मला वाटलं, आपण जिंकू. असं कधी वाटलंच नव्हतं, मामा. रविवारी कुणी विचारलं, तर मी पुन्हा नकोच म्हणेन. (हे त्याला कळवू नका.)