माशी कोणी बांधली

१६ नोव्हेंबर
अ.रावांनी आज गच्चीवरून गळ फेकला आणि कर्णिकबाईंची वाळत घातलेली साडी पकडली. सोडवायला मी.
"अहो, मासे नदीत असतात."
"तुला नाही कळणार. याला कास्टिंग म्हणतात."
डोंबिवलीतली गच्ची, अंगात छातीपर्यंत रबरी पँट. पाणी कुठे? टाकीत. नवऱ्याला लाज नाही, म्हणून मलाच वाटून घ्यावी लागते.

१९ नोव्हें.
हे तीन महिने लेकीकडे अमेरिकेत काय राहून आले! जावयाने एकदा धरणाखालच्या नदीवर नेलं, तिथे गळाला एक ट्राउट मासा लागला. एकच. त्याचा फोटो आता शोकेसमध्ये, माझ्या आईशेजारी. येईल त्याला व्याख्यान: धरणाच्या तळातून सोडलेलं पाणी बारा महिने गार, म्हणून तिथे ट्राउट. गळाला गांडूळ लावायचं नाही, पिसं-दोऱ्याची माशी बांधायची, मासा फसतो. आज गॅसवाल्याला सांगत होते. तो सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा.

२५ नोव्हें.
ठाण्यात असेच आणखी चौघे सापडलेत. म्होरके डॉ. पेठे, दातांचे. काल सगळे इकडच्या एका धरणाखाली जाऊन आले. ट्राउट आपल्या नद्यांत नसतोच, हे त्यांना तिथे कपडे धुणाऱ्या बाईने सांगितलं म्हणे. चिलापी, मरळ, नशीब असेल तर खडस. अ.राव म्हणाले, "तत्त्व तेच." काही लागलं का विचारलं. "पाण्याचा अभ्यास केला."

२ डिसें.
माश्या बांधणं सुरू. डायनिंग टेबलाला चिमटा, चिमट्यात गळ, पिसं वरणात. सकाळभर खपून जे तयार झालं ते ओलं झुरळ. मी हसले.
"हसू नकोस. हे शिवण नव्हे."
एकतीस वर्षं कल्याणच्या शाळेत शिवण शिकवलं. एकतीस वर्षं हे वाक्य वेगवेगळ्या चालीत ऐकलं. पाहुण्यांसमोर: "हिचा विषय तसा विषय नाहीच."
दुपारी ते आडवे झाल्यावर मी बसले. पुस्तकातलं चित्र समोर. दोरा ताणून धरायचा, पीस उभं ठेवून गुंडाळायचं, शेवटी गाठ आत दडवायची. काजं करणं याहून अवघड. दहा मिनिटं लागली. त्यांच्या डबीत ठेवून दिली.
संध्याकाळी त्यांनी डबी उघडून बघितली. "पिसं चांगली नाहीत," एवढंच.

६ डिसें.
बाळकुमला सुगंधाकडे पिसं मागायला गेले. माझी जुनी विद्यार्थिनी. शेतावर टॉवर उभे राहिले, ही सातव्या मजल्यावर राहायला गेली, पण गावठी कोंबड्या सोडल्या नाहीत. बिल्डिंगच्या मागे खुराडं.
"बाई, पिसा कनाला व्हवीत तुमाना?"
सांगितलं.
"मासा पकरतान न परत सोरतान? येरी झाली का काय मानसा?"
पोटभर हसलो. येताना पिशवीभर पिसं दिली, मानेवरची, तांबूस, चकाकणारी. रिक्षात दोनदा पिशवी उघडून बघितली. का, कोण जाणे.

१४ डिसें.
नदीवर मलाही नेलं. डबा कोणी उचलायचा, म्हणून. पाच पुरुष रांगेने पाण्यात, हात हलवताहेत, जणू डास मारताहेत. तासभर काही नाही. मी खडकावर. पाय पाण्यात घातला तर शहारा आला, इतकं गार. उन्हाचा पाण्यावर काही परिणामच नाही.
मग अ.रावांची दोरी ताणली.
खडस. सोनेरी खवले, कडेला हिरवट झाक. तोंडाच्या कोपऱ्यात सुगंधाच्या पिसांची, मी बांधलेली तांबूस माशी, ओली, तरी पीस उभं. मी उठून उभी राहिले. पोहे सांडले, ते नंतर कळलं.
डॉ.नी मासा सोडून दिला, माशी हातात घेतली. "वा! अनंतराव, ही कोणी बांधली?"
मी चार हातांवर.
"मीच. हात बसला आता."
माझ्याकडे बघितलं नाही. मीही पोहे गोळा केले. कावळ्यांना टाकले, यांना दिले नाहीत.

१५ डिसें.
बोलायचं ठरवलं होतं. बोलले नाही. ज्या माणसाला खोटं बोलताना घाम फुटत नाही त्याला काय बोलायचं.

२२ डिसें.
आता कळलं. डॉ.च्या घरी सगळ्यांना माशी बांधायला अ.राव शिकवणार! कबूल करून बसलेत. आधी बारा नमुने द्यायचेत.
"अगं, तेवढ्या बांधून दे. आणि मलाही जरा दाखव."
"शिवण नव्हे ना ते?"
चष्मा पुसायला लागले.

२८ डिसें.
बारा झाल्या. शेवटची गाठ ढिली ठेवावी असं मनात आलं होतं. पहिल्या फेकीत सुटली असती. ठेवूनही बघितली. बघवेना, उसवून पुन्हा बांधली. हातांना तेवढाही खोटेपणा जमत नाही. याचाही राग.
त्यांना शिकवलं. चार दिवस. चौथीतल्या मुलींना याहून लवकर येतं.

४ जाने.
ठाणे, डॉ.चा हॉल. आठ जण, खुर्च्या मांडलेल्या. अ.रावांनी प्रस्तावना लांबवली: अमेरिका, गार पाणी, ट्राउट. मग दोरा हातात घेतला. तुटला. पुन्हा घेतला. पीस आडवं. कोणी खोकलं. कानशिलावरून घाम ओघळला. अखेर फुटला तर! बघून बरं वाटलं, आणि मग वाटेनासं झालं.
"ही... हिला जरा दाखवू दे. माझा चष्मा..."
चष्मा डोळ्यांवरच होता.
मी उठले, बसले, बांधली. दुसरी बांधली. डॉ. खुर्ची ओढून जवळ आले.
"वहिनी, अनंतरावांनी शिकवलं वाटतं?"
मी दोरा तोडला नाही. तसाच ताणून धरला आणि नवऱ्याकडे बघितलं. म्हटलं, घ्या, वेळ देते.
"थोडंफार," ते म्हणाले.
दोरा तोडला. "उलट," मी म्हटलं. "आणि मागच्या बाराही माझ्या. खडस लागला तीसुद्धा."
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. येताना बसमध्ये ते पुढच्या सीटवर, मी मागे. मानेवरचे केस कापायला झालेत. इतकीच दया आली.

९ जाने.
सकाळी डॉ.चा फोन, माझ्या मोबाइलवर. रविवारी नदीवर जाताहेत, गाडीत एकच जागा आहे. "वहिनी, तुम्ही याल का? रॉड मी देतो, पाण्यात उतरायचं."
"आणि हे?"
"जागा एकच आहे हो."
संध्याकाळपर्यंत सांगते म्हटलं.
"कोणाचा फोन?" अ.रावांनी विचारलं.
"माझा."
तेव्हापासून पेपर तोंडासमोर धरून बसलेत. पान उलटलेलं नाही. साडेपाच वाजले. फोन माझ्या मांडीवर आहे.