पाळीवरचा पिंपळ

बाबा, तुमचा पिंपळ मी तोडला. मझौलीच्या वावरातला, तलावाच्या पाळीवरचा. आधी हेच सांगून टाकते, नाहीतर मी इकडचं तिकडचं बोलत बसीन.

अजूनही दुपारी डोळा लागला की ती पाळ दिसते. नोकरी सांभाळून तुम्ही नाल्यावर घातलेली मातीची पाळ, तिच्या पायथ्याशी उकिडवे बसलेले तुम्ही, अन् काचेच्या गिलासात झिरपतं पाणी धरून राहिले. गिलास उन्हात उचलता. "पाहा बाई, साफ आहे नं? मातीची पाळ थोडीबहुत झिरपतेच. गढूळ आलं तर समजायचं, पाणी आतून माती खाऊन राहिलं. मग आधी खालची वस्ती हलवायची." एवढं सारं कळत होतं तुम्हाला! अन् तरी पाळ पुरी झाली त्या बुद्धपौर्णिमेला तिच्याच माथ्यावर बोधिवृक्ष लावला. आई म्हणालीच होती, "पाळीवर काहून? विहिरीपाशी लावा नं." तुम्ही हसले. "पाण्यावर सावली पडू दे त्याची."

पडली, बाबा. तुम्ही गेल्यावर सुटीच्या दिवशी मी मदन महलच्या घरून यायची, त्या सावलीत बसायची. पानं सळसळली की वाटायचं, मागे उभे आहात, आता गिलास मागाल. मागच्या पावसाळ्यात तलाव भरला अन् गिलासात मातकट पाणी आलं. पिंपळाचं मूळ जिथून पाळीबाहेर निघालं होतं, नेमकं तिथूनच. वस्तीतली माणसं वरच्या शाळेत हलवली, मोरी उघडून तलाव रिकामा केला. पाळ पाहायला आलेला इंजिनियर म्हणाला, नुसतं कापून चालणार नाही, मुळं आत कुजली की पाण्याला वाटच मिळेल. मुळासकट काढा.

पण कुऱ्हाड उचलायला कोणीच तयार नाही. "दीदी, पीपल पर हाथ नहीं उठाएँगे," बटईनं वावर करणारे भैया म्हणाले. पाळ फुटली तर पहिलं घर त्यांचंच जाणार, तरी! मला असा राग आला. त्यांचा नाही, तुमचा. स्वतः सावलीत बसले अन् ही धोंड माझ्या गळ्यात बांधून गेले.

मग मीच बुद्धवंदना म्हटली, कुऱ्हाड घेतली. पहिला घाव उथळच बसला, पांढरा चीक आला, अन् मी तो पदरानं पुसत बसली. भैयांनी कुऱ्हाड काढून घेतली. "चलो दीदी, पाप आधा-आधा." मग बाकीचेही आले. मुळं खणून काढली, खड्ड्यात चिकणमाती थराथरानं भरली, ठोकून ठोकून बसवली.

औंदा तलाव पुन्हा भरला. काल गिलास धरला, साफ आहे. वस्तीत चुली पेटल्या होत्या. पाळीवर नुसतं ऊन.

हे पत्र कुठं टाकणार? पण एक गोष्ट घरात कोणाला सांगितली नाही. इथं गच्चीच्या कठड्याच्या फटीत पिंपळाचं रोप आलं आहे. कठडा फाटेल, हे मला कळत नाही का? उपटते, उपटते म्हणते, अन् रोज सकाळी त्याला पाणी घालून राहिली.