नेल्सनचं लॉगिन

अंधेरी (पूर्व), ९ फेब्रुवारी

प्रिय इसिडोर,

तुला आणि जेनेव्हिव्हला देव सुखात ठेवो. गुडघा कसा आहे? ते तेल लावतोस, की बाटली खिडकीत तशीच? फोन खाडीत पाडल्यापासून तू नवा घेतला नाहीस, म्हणून कागदावर लिहिते. (शाळेत सिस्टर आम्हाला डावीकडे दोन बोटं समास सोडायला लावत. तेवढा सोडला आहे. त्यात भरती-ओहोटीच्या वेळा लिहू नकोस.)

मी बरी आहे. फक्त गेल्या महिन्यात हॉस्पिटलच्या सर्व्हरवरून तुझ्या भावाचं नाव पुसायचा हुकूम आला आणि मी जरा वेड्यासारखी वागले, ते सांगते.

आमचा युनिक्स सर्व्हर नेल्सननेच बसवलेला, आणि मी रेकॉर्ड-रूममधून उठून त्याच्या शेजारी खुर्ची टाकून तो शिकले, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा आत कोणाला घ्यायचं ते मशीन स्वतःच्याच यादीत लिहून ठेवायचं. आता ट्रस्टची चार हॉस्पिटलं झाली, म्हणून सगळ्यांची नावं मुलुंडच्या मुख्य ऑफिसात एकाच डिरेक्टरीत. कोणी लॉगिन केलं की सर्व्हर आधी घरची यादी बघतो, तिथे नाव नसलं तर मुलुंडला विचारतो. मुलुंडचे चंद्रप्रकाश (वयाने माझ्या भाच्याएवढे, बोलणं परिपत्रकासारखं) म्हणाले, घरची यादी एकतीस जानेवारीपर्यंत साफ करा. मी एकशे बारा माणसं मुलुंडला हलवली. उरला नेल्सन. तो गेल्याला दोन वर्षं झाली, पण मी त्याला यादीतून काढलंच नव्हतं. त्याच्या फोल्डरमध्ये आहे तरी काय? कॉयरची गाणी, गटारासाठी पालिकेला लिहिलेली सतरा पत्रं, मला लिहिलेलं एकही नाही. पण प्रत्येक फाइलीपुढे मालकाचं नाव येतं, नेल्सन. रोज डबा खाल्ला की मी ती यादी उघडते. वाचत काही नाही, नुसती उघडते. (पेनड्राइव्हवर उतरवून पाहिल्या. तिथे मालकाचं नाव येत नाही, नुसत्या फाइली.)

म्हणून मी त्याला डिरेक्टरीत भरती केलं. हो, खोटं. फॉर्मला फोटो हवा होता, तर वर्षश्राद्धाच्या मिस्साला छापलेल्या कार्डावरचा दिला, बाजूची मेणबत्ती कापून (ज्योत राहिलीच, कानाशी). मोबाइल नंबर माझा. दुसऱ्या दिवशी त्याच्या स्वागताची मेल आली. मग आग लागली तर काय करावं याचं ट्रेनिंग, न केल्यास ताकीद. ते मी दोघांच्या वतीने केलं. त्याला ब्याण्णव मार्क मिळाले, मला एकाहत्तर. जिवंत असता तर किती दिवस ऐकवलं असतं!

आता घरच्या यादीतला नेल्सन पुसला की मुलुंडचा नेल्सन चालू होईल, असा माझा अंदाज. पुसला. फोल्डर उघडलं, तर सगळ्या फाइलींपुढचं नाव गेलेलं, तिथे नुसता आकडा, १००७. मशीन मनात आकडाच धरून ठेवतं रे, नाव आपल्या समाधानासाठी दाखवतं. आणि मुलुंडने नव्या नेल्सनला नवाच आकडा दिलेला, म्हणजे तो आपल्याच वस्तूंना परका. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, इसिडोर. शेजारच्या टेबलावरची गार्गी घाबरली. “मॅडम, एका ओळीची कमांड आहे, मालक बदलून टाका ना! तुम्हीच तर शिकवलीत मला!” शेवटी तिनेच टाकली. नाव परत आलं.

चार दिवसांनी चंद्रप्रकाशांचा फोन. “मॅडम, हे नेल्सन सर हजेरीचा अंगठा द्यायला आलेच नाहीत. बसतात कुठे?”

“चर्चच्या मागे.”

“म्हणजे वर्क फ्रॉम होम?”

“हो. तसंच समजा.”

फोन ठेवायच्या आत मलाच ते सहन झालं नाही आणि मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, गेली नोकरी. पण ते म्हणाले, “खातं पुसत नाही, मॅडम. बंद करतो. फाइलींवर नाव राहील. लॉगिन मात्र कधीच होणार नाही.” मी म्हटलं, ते तसंही तो करत नाही रे. (साहेबांना ‘रे’ म्हटलं. निसटलं.)

तर असं आहे. जेनेव्हिव्हला माझं प्रेम सांग, आणि जेट्टीच्या पायऱ्या सांभाळून उतर.

तुझी वहिनी,
मॉनिका

ता. क. चर्चचं पत्र आलं आहे. दफनभूमीत जागा किती कमी, तुला माहीत आहे. दोन वर्षं झाली, आता कबर दुसऱ्या कोणासाठी मोकळी करायची. बावीस तारखेला सकाळी साडेआठला उघडणार आणि अस्थी भिंतीत, तुमच्या आईच्या कोनाड्यात ठेवणार. घरचं एक माणूस समोर उभं लागतं. माझ्याने होणार नाही. पहिली फेरी बोट पकडून ये.

ता. ता. क. तुलाही चर्चने हेच कळवलं असेल आणि पाकीट न फोडता टीव्हीवर पडलं असेल. म्हणून आधी सर्व्हरचं एवढं लिहिलं, म्हणजे तू वाचत खाली येशील. येणं जमणार नसेल तर उत्तर पाठवू नकोस. तू येतोयस असं समजून मी बावीसपर्यंतचे दिवस काढीन.